भोकाचा पैसा

"काढ म्हनतो ना पोराच्या कमरंचं!"

"न्हाय काढत. करदोडा काय रोज सोडायचा असतो व्हय?"

"बसव्वा, ते पैसं हायत. जपानचं पैसं!"

"आनलं तवा काय म्हनालात? 'खोटं हायत, खेळू दे पोराला.' आता चार म्हैन्यांनी खरं झालं?"

वीरभद्रप्पा चादरीच्या कारखान्यातले माग दुरुस्त करणारे जॉबर. बिघडलेल्या मागाशी कानडीत गोड बोलायचे आणि माणसांशी मराठीत भांडायचे. १९७४ साली मालकांनी नवे माग शिकायला त्यांना महिनाभर ओसाकाला धाडलं. खर्चाला येनच्या नोटा दिल्या आणि बजावलं, "उरेल ते परत आणा."

पहिल्याच दिवशी त्यांनी केळी घेतली. दुकानातल्या पोरीनं मोड म्हणून मधोमध भोक असलेलं पांढरं नाणं हातावर ठेवलं. भोकाचा पैसा! आपल्याकडं तो कधीच बंद पडला. मंगळवार बाजारात भाजीवालीनं फेकून मारला असता.

"बाई, ह्ये चालत न्हाय," ते चक्क मराठीत म्हणाले.

पोरगी कमरेत वाकली.

"वाकू नगा. बदलून द्या की."

ती आणखी वाकली. एवढ्या वाकणाऱ्या पोरीशी भांडायचं तरी कसं? यांनीही वाकून नाणं खिशात टाकलं. मग महिनाभर तेच. हे नोट देणार, भोकाचं नाणं घेणार आणि वाकणार. ते दुसऱ्या दुकानात खपवावं असं मात्र कधी मनात आलं नाही. "आपल्याला फसवलं म्हनून आपन दुसऱ्याला फसवायचं व्हय?" हे परतल्यावर अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

बसव्वांनी ती नाणी काळ्या दोऱ्यात ओवून नातवाच्या, निंगप्पाच्या, कमरेला बांधली. दृष्टही लागत नाही आणि पोरगं कुठं रांगतंय तेही कळतं.

काल कारखान्यात एक जपानी इंजिनिअर आला. चहा पिता पिता त्यानं खिशातून तसंच नाणं काढून दाखवलं. पन्नास येन, अस्सल! भोकाच्या नाण्यांची गोष्ट मालकांनीही ऐकली होती; त्यांचे डोळे वीरभद्रप्पांकडं वळले. "उरलेलं उद्या आणून ठेवा. दिवाळीनंतर परत कुणाला तरी पाठवायचंय."

"आज न्हाय नेलं तर चोर ठरीन मी," वीरभद्रप्पा काकुळतीला आले. "आन् माझ्याऐवजी जपानला तो दुसरा जॉबर, गुंडा जाईल!"

"जाऊ दे की. त्याला बी वाकायला येऊ दे. तुमी तर आल्यापासनं दूधवाल्याला बी वाकताय."

"चांदीचा करदोडा करतो पोराला."

"अय्यो! लई उदार झालात."

वीरभद्रप्पांनी बायकोकडं जरा निरखून पाहिलं. आवाज उतरला.

"बसव्वा, खरं सांग. पोराला दृष्ट लागंल म्हनून अडवतीस, का मी परत जाईन म्हनून?"

बसव्वांनी निंगप्पाला कडेवर घेतलं, पदर खोचला आणि उंबरा ओलांडला. गल्लीच्या टोकापर्यंत जपानचे पैसे खुळखुळत गेले.