पहिली साक्ष माझी

माझे वडील चर्चमध्ये पाळक होते आणि मला त्यांची भीती वाटायची. हे एवढं साधं वाक्य उघडपणे बोलायला मला चाळिशी गाठावी लागली. आमच्या घरी स्तोत्र पाठ नसलं की जेवण नसायचं. रोज प्रार्थना करूनही देवाला बाप म्हणताना मी आतून आखडायचे. पुढे मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी विषयही तोच घेतला: ख्रिस्ती माणसांना लहानपणी धर्माचं वळण कसं लागलं, आईवडिलांचा आधार किती वाटला, आणि आता देव जवळचा वाटतो की लांबचा. उत्तराला एक ते पाच गुण. हे काम म्हणजे हातचा मळ, अशा तोऱ्यात मी होते. बाबा मात्र अर्धांगवायूने भद्रावतीला माझ्या भावाकडे पडून होते आणि दोन वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते.

सन दोन हजारच्या सुमारास अहेरीच्या पुढल्या एका गावी उपासनेनंतर मी प्रश्नावल्या वाटल्या. मार्थाबाई नावाच्या म्हातारीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिला वाचून दाखवलं, "लहानपणी भीती वाटली की वडिलांजवळ जात होता का?"

"बाई, आमच्या मंडळीत साक्ष मागणारा आपली साक्ष पह्यले देते. तू सांग."

"आजी, ही देवापुढे मन उघडायची साक्ष नाही, अभ्यास आहे."

"इचारून तं तेच राह्यली ना?"

सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. उत्तर देणाऱ्यांपुढे स्वतःचं मत सांगायचं नाही, हे मला पक्कं शिकवलेलं. तरी मी बोलले. "नाही. मला त्यांचीच भीती वाटायची." मग त्यांचं आजारपण, माझं न जाणं, सगळंच बाहेर आलं.

मला वाटलं, आता ही बोल लावणार. ती हळूच म्हणाली, "आता त्याले भेव लागत असन, तं तो कोणापाशी जाईन वो?"

मी चारचौघांत चष्मा काढून रडले. प्रश्नावल्या तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मिळेल ती बस धरून भद्रावती गाठली.

बाबा किती लहान दिसत होते! खाटेशी बसून विचारलं, "बाबा, भीती वाटते का?" असं त्यांना आजवर कुणीच विचारलं नसावं. वाकड्या झालेल्या तोंडाने ते म्हणाले, "लागते, माय." आणि चांगल्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं.

प्रभू, तुझे आभार. माझ्या हुशारीने मी त्या खोलीत कधीच पोचले नसते. आता तू नेशील तिकडे जाते, आधी कारण विचारत नाही. प्रबंध वर्षभर मागे पडला. बाबा जाईपर्यंत मी भद्रावतीतच होते.