काका ऐकायला लागले

समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून ते आपणच पुरं करण्यात माझ्या मावशीच्या यजमानांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये नव्हता. आणि पुढे, साठी उलटल्यावर, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत जिवाचा कान करून बसणारा माणूसही त्यांच्यासारखा मला दुसरा भेटला नाही. काकांची ही दोन्ही रूपं मी जवळून पाहिली. मी सिल्व्हर पार्कात एकटी राहते, काका तिथून दोन गल्ल्या सोडून. मावशी नांदेडला गेली तेव्हा मला सांगून गेली होती, "ह्यांच्याकडे अधूनमधून बघत जा गं." तेव्हापासून मी बघते आहे.

काका एसटीत कंडक्टर होते. प्रवासी 'एक' म्हणेपर्यंत त्यांनी तिकीट फाडलेलं असायचं. त्यांच्या मते त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. एकदा एक म्हातारा 'एक' म्हणाला, काकांनी हातात परभणीचं तिकीट ठेवलं, आणि तो बिचारा म्हणाला, "एक विचारायचं होतं, ही गाडी कुठं चालली?" हीच सवय घरी आली. शेजारचा मुलगा घाबराघुबरा होऊन दारात आला आणि "काका, माझे वडील..." एवढंच बोलला, तर काकांनी त्याला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. "कधी गेले रे?" मुलगा म्हणाला, "गेले नाहीत, लिफ्टमध्ये अडकलेत." मावशीनं "मला वाटतं..." अशी सुरुवात केली की काका म्हणत, "डोकं दुखतंय. गोळी घे." मावशी गोळी घ्यायची. "लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य शेवटापर्यंत पोचलं असेल तर शपथ," असं ती आम्हा सगळ्यांत हसत हसत सांगायची, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसायचे.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी मावशी नांदेडला गेली आणि तिथेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळ लहान होतं, मग त्याला दात येत होते, मग जावयांची बदली होणार होती, ती झाली नाही, आणि आता तर नात बालवाडीत जाते. काका शेजाऱ्यांना सांगत, "येईल पुढच्या महिन्यात." एकदा मात्र न राहवून त्यांनी फोनवर विचारलंच. मावशी म्हणाली, "इथं मला..." आणि काका म्हणाले, "करमतं. ठाऊक आहे." "नाही," मावशी म्हणाली, "इथं मला बोलू देतात."

हे मला काकांनीच सांगितलं, कपात बघत.

त्यानंतर काका जवळच्या बुद्धविहारातल्या मंडळींबरोबर विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले आणि एकदम वेगळेच झाले. आता जे करायचं ते लक्ष देऊन, आणि एका वेळी एकच. चहा पिताना फक्त चहा. त्या वेळी तुम्ही घराला आग लागल्याचं सांगितलं असतं तरी काकांनी आधी कप खाली ठेवला असता. चालताना फक्त चालणं. पावलाची टाच टेकली, चवडा टेकला, असं मनात म्हणत ते स्टेशन रोडनं निघाले की मागचा एकेक शेअर रिक्षावाला थांबायचा. "काका, आना है क्या?" काका श्वास आत घेत, बाहेर सोडत, मग 'हाँ' म्हणत, तोवर रिक्षा भरून गेलेली. दारावर मासे घेऊन येणारी भाईंदरची कोळीण तर वैतागून गेली. "घ्यायचं हाय का न्हाय ते सांग ना! तुजा श्वास व्हईस्तोवर माजं बोंबील पानी पानी झालं!" काकांनी तिचंही पूर्ण ऐकून घेतलं. ती आणखीच भडकली.

पण खरी करामत ऐकण्याची. काका हातातलं सगळं बाजूला ठेवून तुमच्याकडे तोंड करून बसत, आणि तुमचं बोलणं संपलं तरी लगेच उत्तर देत नसत. आधी एक पूर्ण श्वास. त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन पाण्याच्या टाकीवर बोलायला उठले, काका इतक्या मनापासून ऐकताहेत म्हटल्यावर टाकीवरून स्वतःच्या कॉलेजातल्या नाटकापर्यंत पोचले. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन संध्याकाळी येऊन कॅनडातल्या सुनेबद्दल गुजरातीत तासभर बोलत. काकांना त्यातलं 'केम छो'च्या पुढचं काही कळत नसे. "समझते कुछ नहीं," बेन मला कौतुकानं म्हणाल्या, "लेकिन सुनते क्या मस्त हैं!"

अख्ख्या बिल्डिंगचं ऐकून झालं. जिचं ऐकायचं होतं ती नांदेडला.

एका रविवारी मी काकांकडेच होते. मावशीचा फोन आला. नातीच्या गॅदरिंगचं ती भरभरून सांगत होती आणि काका डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ऐकत होते. मावशी थांबली. काकांनी श्वास घेतला. "हॅलो?" मावशी म्हणाली. काकांचा श्वास अजून बाहेर यायचा होता. "हॅलो? ऐकू येतंय का? मेलं हे नेटवर्क!" फोन बंद.

"अहो काका, मधून मधून 'हं' तरी म्हणा!"

काका फोनकडे बघत राहिले. "'हं' म्हटलं की ती थांबते गं बाई. तिला वाटतं, मी आता सुरू होणार."

असं चार रविवारी झालं असेल. मग एके दिवशी मावशी मोठी बॅग घेऊन दारात हजर. काकांचा चेहरा असा उजळला की त्यांना श्वासाबिसाची शुद्ध राहिली नाही. पण मावशी आली होती ती त्यांचे कान तपासायला. फोनवर ह्यांना काही ऐकूच येत नाही, अशी तिची आणि लेकीची खात्री झाली होती.

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. काकांनी प्रत्येक आवाज नीट ऐकला, तो पूर्ण विरल्याची खात्री करून घेतली आणि मग बटण दाबलं. तपासणाऱ्या मुलीनं घाबरून दोनदा मशीन बघितलं. शेवटी "अंकल, आवाज येताक्षणी दाबा हो!" असं सांगितल्यावर निघालं, की कान ठणठणीत आहेत.

"मग फोनवर मुके का बसता?" बाहेरच्या बाकावर मावशीनं विचारलं.

"ऐकत होतो."

"काय?"

"तू बोलतेस ते."

मावशीनं माझ्याकडे बघितलं, मग पदराचं टोक उगाच नीट केलं.

घरी आल्यावर काका तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बोल. मी मध्ये बोलणार नाही." मी उठायला लागले तर मावशीनंच मला हाताला धरून बसवलं. तिनं सुरुवात केली. लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईकडे आली तेव्हा किती भीती वाटली होती, ते. तीनचार वाक्यं झाली. ती थांबली, सवयीनं. काका गप्प. तिनं आणखी एक वाक्य जोडलं. काका गप्पच. मावशी गोंधळली, खिडकीबाहेर बघून आली. "झालं," म्हणाली.

"अजून?" काकांनी हळूच विचारलं.

"अजून होतं हो पुष्कळ." मावशी म्हणाली. "इतकं होतं... आता काही आठवंनाच."

मावशी आठवडाभर राहिली. मग नातीची शाळा होती. संध्याकाळी काशीमीऱ्याला हायवेवर आम्ही तिला नांदेडच्या बसमध्ये बसवलं. ट्रकच्या धुरात बस दिसेनाशी झाली तरी काका तिथेच उभे. मी विचारलं, "काका, येईल का हो मावशी परत?"

ते बस गेली त्या दिशेनं बघत राहिले. मला वाटलं, श्वास चाललाय. "माहीत नाही गं बाई," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'माहीत नाही' मी कधी ऐकलं नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुझं? तुझं कसं चाललंय?"

हे मला रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि उत्तर येण्याआधी पुढे निघून जातं. "बरं चाललंय," मी म्हणाले आणि रिक्षा बघायला लागले. काका हलले नाहीत. शेजारून कंटेनर धडधडत जात होते, गॅरेजांतले दिवे लागत होते, आणि ते मान किंचित तिरपी करून उभे होते.

मी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "खरं सांगू का, काका," मी म्हणाले, आणि सांगायला लागले.