दोन ‘बरा हाय’

अनंता गेल्याचा फोन त्याच्या चुलतभावाने केला, तेव्हा मी महाडच्या आमच्या ऑफिसात एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची पडद्यावरची खिडकी तपासत होते. ती अनंतानेच मांडलेली. फोन ठेवल्यावर मी संगणक बंद केला आणि पोलादपूरची एसटी धरली. तिथून आत त्याच्या गावी, कापड्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याची आई ओटीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. त्याला आता दीड महिना होत आला.

अनंता मूळचा पाट्या रंगवणारा. पोलादपूरच्या बाजारातल्या कितीतरी दुकानांवर त्याची अक्षरं होती. फ्लेक्स आले आणि ब्रश बाजूला पडला. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, त्या ओळखीवर मी त्याला ऑफिसात बोलावलं. दुकानं, दवाखाने, पतपेढ्या यांच्यासाठी मी लहान प्रोग्रॅम लिहायचे. कोड मला जमायचा, पण माझ्या खिडक्या म्हणजे कशीबशी कोंबलेली बटणं. मी त्याला डिझायनर दाखवला. त्यात कोड न लिहिता बटणं आणि रकाने माउसने उचलून पडद्यावर हवे तिथे ठेवता येतात. पाटी रंगवण्याआधी खडूच्या रेघा मारण्यात रमायचा, तसा तो त्यात रमला.

सुरुवातीला आमची भांडणं व्हायची. त्याने मांडलेल्या खिडकीवरून डिझायनर आपोआप कोड तयार करायचा आणि त्यातच मी माझ्या ओळी घुसवायचे. तो एखादं बटण जरासं सरकवायचा, कोड नव्याने तयार व्हायचा आणि माझं लिहिलेलं पुसलं जायचं. शेवटी आम्ही ठरवलं, खिडकीची फाइल वेगळी, कोडची वेगळी. माझा प्रोग्रॅम सुरू झाला की त्याची खिडकी जशीच्या तशी उचलायचा आणि बटणांना नावाने ओळखायचा. त्यामुळे एकमेकांना सांगायची ती फक्त नावं. ‘गो, ह्याचं नाव काय ठेवू?’ असं तो मान न वळवता विचारायचा. वर्षानुवर्षं आमचं बरंचसं बोलणं एवढंच होतं... मला ते पुरायचं.

मग त्याचा घसा बसला, तो सुटेचना. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. परत आल्यावर तो नेहमीसारखा येऊन बसला आणि डिझायनरमध्ये त्याने एक नवी खिडकी घेतली. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे लिहून दाखवायची सोय नव्हती. मोबाइलमधला तयार आवाज मराठी बोलतो, पण तो परक्याचा. अनंताला घरात स्वतःचाच आवाज हवा होता. ऑपरेशनआधी जमतील तेवढे शब्द बोलून ठेवायचे आणि बटण दाबलं की तो तो शब्द वाजला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

सगळ्यात मोठं बटण त्याने वर ठेवलं, ‘आये’. खाली ‘भूक नाय’, ‘दुखतंय’, ‘गोठ्यात जातो’, ‘तू नीज’. मी ‘धन्यवाद’ सुचवलं, तर तो घोगऱ्या आवाजात हसला. आमच्या घरात कोन कोनाला धन्यवाद म्हनतो, म्हणाला. ‘बरा हाय’ मात्र त्याने दोनदा मांडलं. एकच वाक्य दोनदा कशाला, असं मी विचारलं.

“एक खरा,” तो म्हणाला, “आनी एक आयेला सांगायचा.”

दोन्ही त्याने वेगवेगळे बोलून ठेवले. कितीही ऐकलं तरी मला फरक कळेना. मी दोन्ही बटणांना कोड जोडून दिला.

ऑपरेशननंतर तो कापड्यालाच राहिला. सुट्टीच्या दिवशी मी जायचे. हा ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेला, आई आत चुलीपाशी. ‘आये’ अशी हाक घरभर जायची आणि ती आतून ओ द्यायची. माझ्या नावाचं बटण त्या खिडकीत नव्हतं. माझ्याशी तो टाइप करून बोलायचा... मला वाचता येत होतं.

पुढे आजार उलटला आणि तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा गेले. शेवटी शेवटी तो दुसराच ‘बरा हाय’ दाबायचा, असं आई म्हणाली. तिला ते कसं कळलं, हे मी विचारलं. पयला वाजायचा थांबला तवाच कळलं, एवढंच ती बोलली. मग आतून लुगड्यात गुंडाळलेला लॅपटॉप आणून तिने माझ्या मांडीवर ठेवला.

“ह्यो तू घेऊन जा, बाय. आवाज त्याचाच हाय. पन मी बोलले तर त्याला ऐकू जात नाय.”

आता तो लॅपटॉप ऑफिसात माझ्या टेबलावर असतो. तो प्रोग्रॅम मी कधी चालवत नाही. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी त्याची खिडकी फक्त डिझायनरमध्ये उघडते. तिथे माझा कोड नसतो, त्यामुळे बटणावर क्लिक केलं तरी आवाज येत नाही. बटणाच्या कडांवर बारीक चौकोन तेवढे उमटतात... आता बटण उचलता येईल, एवढंच ते सांगतात. मी ते बटण माउसने धरते, थोडा वेळ तसंच धरून ठेवते आणि आहे तिथेच सोडते.