कोस्टा रिकाचे नारायण पेठेतले नागरिक

आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या मामांइतका कोस्टा रिकाचा निष्ठावंत नागरिक खुद्द कोस्टा रिकातही सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. मामांनी तो देश पाहिलेला नाही. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली आणि मुक्काम कायम नारायण पेठेत. पण तरुणपणी एका पहाटे रेडिओची सुई फिरवताना खरखरीतून अनोळखी भाषेतलं बोलणं ऐकू आलं. ते कुठलं, याचा शोध बरेच दिवस चालला, आणि मध्य अमेरिकेतला हा चिमुकला देश हाती लागल्यावर मामांनी तो जो धरला, तो आजतागायत सोडलेला नाही. मामी म्हणतात, "माझ्या माहेरच्यांची नावं यांना आठवत नाहीत, तिथले राष्ट्राध्यक्ष मात्र ओळीने पाठ!"

स्पॅनिश ते रेडिओ ऐकूनच शिकले, त्यामुळे ती सगळी निवेदकाची स्पॅनिश. कोथिंबीर मागता येणार नाही, पण "डोंगराळ भागात दुपारनंतर पाऊस, संसदेची बैठक तहकूब" हे अगदी खणखणीत. हल्ली मोबाईलवर तिथलं कुठलंही केंद्र लागतं, पण मामा नाराज. "एवढ्या लांबून येणारा आवाज इतका स्वच्छ? मला संशय येतो." रेडिओचं महत्त्व पटवायला त्यांच्याकडे त्या देशाचा इतिहासही तयार असतो. "अहो, त्यांचा देश स्वतंत्र झाला हे त्या लोकांनाच जवळजवळ महिन्याने कळलं. निरोप खेचरावरून आला! रेडिओ का हवा, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?"

मामा सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि नेमका त्याच वेळी रखवालदार गावी निघून गेला. मामांनी नवा नेमायला साफ नकार दिला. "एक अख्खा देश सैन्य बरखास्त करून सुखाने नांदतो, आणि आपल्या बारा बिऱ्हाडांना पहारा लागतो?" तिथल्या राज्यकर्त्याने म्हणे स्वतः बराकीच्या भिंतीवर हातोडा मारला होता आणि पुढे तिथे संग्रहालय झालं. मग मामांनीही सर्वांसमक्ष रखवालदाराच्या खोलीवर हातोडा घातला. भिंतीचा थोडा गिलावा पडला आणि मामांचं मनगट लचकलं. पण त्या खोलीत मुलांसाठी वाचनालय मात्र झालं. आठवड्याभरात एकच चोरी झाली, ती मामांच्याच स्कूटरची. "याला खर्च म्हणतात, पराभव नाही," मामा म्हणाले. आज त्या खोलीत संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही, आणि रखवालदाराचं नाव कोणी काढत नाही. मला तर या माणसाचा तेव्हापासून अभिमानच वाटतो.

मामा घाबरलेले मी एकदाच पाहिले. माझी मुलगी आयटीत आहे. तिच्या तिकडच्या टीममधली एक मुलगी कामासाठी पुण्यात येणार होती, खरीखुरी कोस्टा रिकाची. कोस्टा रिकात स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता सगळी केंद्रं एकदम राष्ट्रगीत लावतात आणि माणसं असतील तिथे थांबून ते म्हणतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. दरवर्षी मामा इस्त्रीचा सदरा घालून रेडिओसमोर उभे राहतात. यंदा त्यांनी त्या पाहुणीला बोलावलं. "साडेपाचला? बाबा, सीरियसली?" मुलगी मला म्हणाली. पण पाहुणी आनंदाने तयार झाली. आदल्या दिवशी मामा मला हळूच म्हणाले, "सगळं आयुष्य मी त्या लोकांना ऐकण्यात घालवलं. तिला मी खुळा वाटलो, तर माझ्याकडे उरलं काय?"

ती आली. मामांनी दार उघडलं आणि घोटून ठेवलेल्या खर्जात तिचं निवेदकाच्या स्पॅनिशमध्ये स्वागत केलं, "शुभ संध्या, श्रोतेहो!" पाहुणी खो खो हसत सुटली. मामांचा चेहरा पार उतरला. मामी चहाचं आधण सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात रेडिओशेजारी माझ्या मुलीने लावून ठेवलेल्या मोबाईलवर राष्ट्रगीत सुरू झालं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. ती ताठ उभी राहून गाऊ लागली. दुसऱ्या ओळीलाच तिचे डोळे वाहायला लागले. मामांना शब्दन् शब्द पाठ, पण ते ओठ मिटून उभे होते. नंतर मी कारण विचारलं, तर म्हणाले, "तिचं आहे ते. आपण ऐकणारे."

गीत संपलं आणि तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रस्त्यात मुलं कंदील घेऊन निघाली होती, नुसता गलका. मागे उभे असलेले मामा आईला दिसले असावेत. तिने काहीतरी विचारलं. पाहुणीने डोळे पुसत, मामांकडे बघत दोन शब्दांत उत्तर दिलं. माझ्या मुलीला कामापुरती स्पॅनिश येते. मामा तिच्याकडे वळले.

"काय म्हणाली गं ती?"

"आईने विचारलं, हे आजोबा कोण? तर म्हणाली, आपल्यातलेच आहेत."

एवढं साधं वाक्य मामांना कळलं नसेल, यावर माझा मुळीच विश्वास नाही. त्यांना ते एकदा मराठीत ऐकायचं होतं.