न उलटलेलं पान

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी मानपाड्याजवळच्या आमच्या दत्तमंदिरात मी पोथीचा एक पूर्ण अध्याय एकही पान न उलटता वाचला. ते माझ्या लक्षात आलं नाही. समोर बसलेल्या वीस-पंचवीस बायकांच्याही आलं नाही.

मला बारा वर्षं मधुमेह आहे. वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर दर गुरुवारी मंदिरात पोथी वाचते. त्या वर्षी अक्षरं पुसट दिसू लागली होती. मी चष्म्याला दोष दिला. डोळे तपासून घ्या, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. मनात एक हिशेब होता: मी देवाचं वाचते, तो माझं बघेल. तो बघत नसेल तर, ही शंकाही होती. म्हणूनच तपासणी टाळत होते.

त्या दिवशी मंदिराच्या सभागृहात मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी होती. ते सांगायला आलेली आरोग्य कार्यकर्ती वाचन संपायची वाट पाहत होती. जागा नव्हती, म्हणून ती माझ्या चौरंगाला लागूनच बसली. तिचं नाव रोझलीन, राहायला खोपटला. आरती झाल्यावर ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "काकी, राग नका मानू. तुम्ही पान फिरवलंच नाय. मला वाटलं, एवढं सगळं एकाच पानावर मावतं कसं?"

मला राग आला. "मला पाठ आहे ती," मी म्हटलं.

"ते सगळ्यांनाच पाठ आहे. सगळ्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला तुमची पोथी येत नाय, म्हणून मी पानाकडं बघत बसलेले."

शेजारच्या सावंतकाकू हसल्या. "अगं, जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास. आज तुझी एक निघाली तर एवढं तोंड फुगवायचं?"

रोझलीनने हातातला तपासणीचा कागद माझ्यापुढे धरला. "हे वाचा बरं. हे पाठ नसेल." मोठा मथळा वाचता आला. त्याखाली नुसते राखाडी पट्टे दिसत होते.

सभागृहात मी यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवली. उजेड चमकला आणि पडद्यावर माझ्या डोळ्याच्या आतला फोटो आला. मोठा करून दाखवला तेव्हा मलाही दिसला: एक शेंदरी गोल, त्यावर लाल ठिपके. उजव्या डोळ्यात मधोमध सूज होती, डाव्यातही सुरू झाली होती. तपासणाऱ्या बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि याच आठवड्यात ठाण्याच्या रुग्णालयात जायला सांगितलं. आणखी काही महिने गेले असते तर वाचणं कायमचं बंद होऊ शकलं असतं, असं नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

माझी मुलगी परगावी असते, सोबत यायला कोणी नव्हतं. रोझलीन म्हणाली, "मी येते ना. ते रुग्णालय माझ्या घराकडंच आहे."

इंजेक्शन थेट डोळ्यात द्यायचं होतं. थेंब घालून मला बाहेर बाकावर बसवलं. डोळे मिटून मी पोथी आठवू लागले. पहिली ओवी आली, दुसरी आली, तिसरी काही केल्या येईना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रोझलीनने माझा हात धरला होता आणि ती पुटपुटत होती. शब्द मला कळत नव्हते. तिची प्रार्थना असावी. मी आठवायचं थांबवलं. देवाशी मांडलेला हिशेबही तिथेच सोडला आणि माझं जे काही मागणं होतं ते तिच्या पुटपुटण्यात ठेवून दिलं. आत नाव पुकारेपर्यंत तशीच बसून राहिले.

हे कसं घडलं, का घडलं, याचा निर्णय मी करत नाही. घडलं तेवढं लिहिलं. त्या दिवशी चौरंगाजवळ पोथी न येणारी एकच व्यक्ती होती, आणि ती माझ्या बाजूला बसली होती. त्यासाठी रोज हात जोडते.

पुढची इंजेक्शनं ठरल्याप्रमाणे झाली. मधल्या सगळ्या गुरुवारी सावंतकाकूंनी पोथी वाचली आणि मी श्रोत्यांत बसले. उजव्या डोळ्याला अजून अक्षरांच्या कडाच दिसतात. डावा सुधारला.

चैत्रातल्या पहिल्या गुरुवारी मी पुन्हा चौरंगासमोर बसले. रोझलीन शेजारी होती. अध्याय सात पानांचा होता. सातही पानं मी उलटली.