मागच्या चाकाशी दगड

अशा गोष्टी कोणी सांगू लागलं की मी हळूच पुस्तक उघडून बसते. माझं शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे सिस्टर्स देवदूतांबद्दल बोलायच्या, सुट्टीत घरी आलं की स्वयंपाकीणबाई खविसांबद्दल. मी दोन्हीकडे मान डोलवायचे आणि दोन्ही सोडून द्यायचे. या सदरात ज्यांनी आपले अनुभव लिहिले, त्यांना निदान घाबरता तरी आलं. मला तेव्हा नेमकं काय वाटायला हवं होतं, तेच अजून कळलेलं नाही... म्हणून लिहिते आहे.

आम्ही मलकापूरचे. वडील — अप्पा — वकील. बुलढाण्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची जागा मला देऊ केली होती आणि आठवड्याभरात उत्तर कळवायचं होतं. अप्पांचा नकार नव्हता, पण होकारही नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की जी मुलगी दुकानात साबण मागायचा तर नुसतं बोट दाखवते, ती परक्या गावात एकटी राहणार कशी? ते खोटं नव्हतं. इंग्रजीत मी बोलू शकते. मराठीत, अनोळखी माणसासमोर, माझा आवाजच निघत नाही.

माझी मैत्रीण तारा, तिचा भाऊ दिगंबर आणि त्याचा कॉलेजातला मित्र नामदेव असे तिघे तेव्हा सायकलींवर बुलढाण्याला जायचं ठरवत होते. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, कोळशावर चालणारी मोटर निघाली तर निघाली. जेवताना मी तो बेत सांगितला, तर अप्पा म्हणाले, "तूही जा. राजूरचा घाट चढून दाखव. हवं तर उतरून सायकल ढकलत ने, पण तुझी तू. कुणी हात लावायचा नाही. मग बघू शाळेचं." आईला वाटलं ते थट्टा करताहेत. पण अप्पा शब्द दिला की पाळतात, हे मला माहीत होतं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पहाटे निघालो. मोताळ्यापर्यंत रस्ता सोपा, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. राजूर मागे पडलं आणि समोर डोंगर उभा राहिला — खाली साग, वर सीताफळीची झुडपं, मधून वळणावळणाने वर गेलेला रस्ता. पायथ्याशी मिठाच्या गोण्या भरलेल्या दोन बैलगाड्या चढायला लागल्या होत्या. गाडीमागे एकजण हातात दगड घेऊन चालत होता. बैल दमून थांबले की तो चाकामागे दगड लावायचा, म्हणजे गाडी मागे येत नसे. आमच्याकडे हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. नामदेव जानेफळकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, अंगाने पैलवान. तो दिगंबरला म्हणाला, "तुले बी मांगं एक दगडवाला लागते बे. अर्ध्यातूनच खाली येशीन." दिगंबर म्हणाला, मला लागेल तेव्हा तुलाच लावीन चाकाखाली.

गाड्यांना आम्ही पहिल्याच वळणावर मागे टाकलं. नंतर आम्हीही विखुरलो. नामदेव पुढे दिसेनासा झाला. ताराची साडी चेनमध्ये अडकली म्हणून ती आणि दिगंबर मागे राहिले. मी मध्ये, एकटी. मला ते बरंच वाटलं. धापा टाकताना मला कुणी बघितलेलं आवडत नाही.

थोड्याच वेळात पॅडल फिरेना, मी उतरून ढकलू लागले. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक नावालाच होता. त्याचं रबर बाजारात मिळत नव्हतं. ढकलताना तरी चालतं, पण थांबलं की सायकल खाली ओढते आणि विसावा घ्यायचा सोडून तिच्याशी कुस्ती करावी लागते. पहिल्यांदा थांबले तेव्हा ती ओढच लागली नाही. मागे पाहिलं, तर मागच्या चाकाला टेकून एक दगड. मूठभर आकाराचा, काळा. मला वाटलं, योगायोगाने चाक त्याच्यावर टेकलं असेल. मी बसल्यासारखी निवांत उभी राहिले, श्वास घेतला, निघाले.

दुसऱ्यांदाही दगड होता. आता वाटलं नामदेव झाडीत लपून चेष्टा करतोय. मी हाक मारली नाही... हाक मारणं मला जमत नाही. दगड उचलून पाहिला. त्याची खालची बाजू ओली होती, माती लागलेली, जसा आत्ताच कुणी जमिनीतून उपटून काढला असावा. रस्ता मात्र कोरडा ठणठणीत. मी तो दरीत टाकला. खाली झुडपांतून गडगडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम, रस्त्याच्या मधोमध, एकाएकी थांबले आणि त्याच क्षणी मागे वळले. रस्ता वळणापर्यंत मोकळा. चाकाशी दगड. वेगळा. तोही खालून ओला.

मी घाबरले का? खरं सांगते, नाही. मला संकोच वाटला. कुणीतरी आपल्यासाठी काही करतंय आणि त्याच्याकडे बघायचं कसं, काय म्हणायचं ते सुचत नाही, तसा. शिवाय ते दगड होते म्हणूनच मी चढत होते. प्रत्येक वेळी मला नीट थांबता येत होतं, म्हणून पुढे चालता येत होतं. आणि हे अप्पांच्या अटीत बसत नव्हतं.

घाटमाथा दिसू लागला तिथे चढ सगळ्यांत उभा आहे. तिथे थांबले, चाक टेकलं. दगड बघायला मी वळलेच नाही. दरीकडे तोंड करून, मोठ्याने, मराठीत म्हणाले, "आता नको. पुढचं माझं मी बघते."

त्यानंतर दगड आला नाही. तो शेवटचा तुकडा कसा चढले ते विचारू नका. थांबले की सायकल मागे ओढायची, चपला घसरायच्या, तळहात सोलून निघाले. माथ्यावर नामदेव सीताफळ खात बसला होता. मी त्याला सरळ विचारलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण त्याने खाणं थांबवलं. "म्या काऊन ठेवीन, ताई? मी तं कवाचाच येथी येऊन बसलो. मायची आन." मग ताराशी आणि दिगंबरशी बोलणं झालं. ते दोघे एकमेकांच्या नजरेसमोरून हललेच नव्हते. मिठाच्या गाड्या तर आमच्या कितीतरी नंतर वर आल्या.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो. अप्पांनी विचारलं, कुणी मदत केली? मी सगळं सांगितलं. न सांगता चाललं असतं, पण मग ती जागा माझी झाली नसती. अप्पांनी तिघांनाही ऑफिसात वेगवेगळं बोलावून उलटतपासणी घेतली. नामदेवला इतक्या तऱ्हांनी विचारलं, की बाहेर आल्यावर तो दिगंबरला म्हणाला, "लेका, आता मलेच वाटून राह्यलं का दगड म्याच ठेवले."

शेवटी मला आत बोलावलं. अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, संपलं.

"तू त्याला नको म्हणालीस. इंग्रजीत?"

"नाही. मराठीत."

"मोठ्याने?"

"हो."

"आणि ओळख ना पाळख," असं म्हणून त्यांनी चष्मा परत लावला. "जमेल तुला. शाळेला कळव."

मी आता बुलढाण्यातच असते. सुट्टीला मोटरने घाट उतरते, तेव्हा खिडकीशी बसून बघते. जुन्या गाडीवानांनाही विचारलं — मीच, स्वतः जाऊन. कुणी कुठल्या अपघाताची, कुठल्या मेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली नाही. असं काही कधी ऐकलं नाही, म्हणाले. एखादी गोष्ट मिळाली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता, पण बरं वाटलं असतं.

भूत असतं की नसतं, हा माझा प्रश्न नाही. 'नको' म्हटलं ते त्याला कसं लागलं असेल, हे मनात येतं. आभार मानायचे राहूनच गेले. ते तिथेच उभं राहिलं असेल, की लगेच मागे फिरलं असेल... मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का, तेही मला ठरवता येत नाही.