थंडगार बटाटे

काल इथल्या तुकोगंज भागात एका दुकानासमोरून जाताना करपलेल्या बटाट्याच्या चिप्सचा वास आला आणि आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. थंडीत ठेवलेल्या बटाट्यात इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम वाढतं, ते सुक्रोज तोडून ग्लुकोजसारखी साधी साखर करतं आणि तळताना तीच काळी पडते, हे माझ्या सहकारी बाईंनी आमच्या माळव्याच्या बटाट्यावर दाखवलं होतं. विभागप्रमुखांनी ते काम सरळ स्वतःच्या नावावर छापलं, आणि वर कारखानेवाल्यांना चिप्स तळून दाखवायचा घाट घातला. बटाटे मी आणायचे होते. शीतगृहातून काढलेले बटाटे काही आठवडे उबेत ठेवले की साखर उतरते. मी मात्र मुद्दाम त्याच सकाळी शीतगृहातून काढलेले, हाताला गार लागणारे बटाटे आणले. "आलू बढिया आहेत ना?" सरांनी विचारलं. "एकदम झकास, सर. तुमचंच तर संशोधन आहे," मी म्हणालो. कढईतून चिप्स काळेकुट्ट निघाले. एक पाहुणा हसत म्हणाला, "भिया, ये तो भट्टी में डालने के काम के हैं!" सरांना कारण सांगता येईना. त्यांचा घामेजलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. पण बटाटे बाईंनीच निवडले असं सांगून ते सुटले, बाईंची हंगामी नोकरी गेली, आणि मी गप्प बसलो. आता लिहून ठेवतो: शोध बाईंचा होता, बटाटे माझे. बाईंची माफी मागायला मी फार उशीर केला. सरांची मागणार नाही. पुन्हा संधी मिळाली तर तसलेच बटाटे आणीन, आणि सगळ्यांसमोर विचारीन, "सर, हे काळे का पडले, सांगा ना."